बोटाखालचा कोश



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर ग्रंथपाल होते. ग्रंथालयाच्या टेबलाशी दिवसभर लोक काही ना काही विचारत असतात. अमुक पुस्तक आलं का, तमुक कधी परत येणार, वर्गणी किती. ‘या शब्दाचा अर्थ काय हो?’ असं मात्र क्वचितच कोणी विचारतं. शब्द तर सगळ्यांनाच अडतात. पण अडलेला शब्द चारचौघांत उच्चारला की आपलं अज्ञान उघडं पडेल, ही धास्ती शाळेपासून मनात बसलेली असते. वाचणारा तो शब्द सोडून पुढे जातो. असे शब्द साठत गेले की परिच्छेद हातचा जातो, आणि मग एक दिवस पुस्तक उशाशी पालथं पडून राहतं.

आज मी या न विचारलेल्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. ई-पुस्तक वाचताना शब्दावर बोट दाबून धरलं की तिथल्या तिथे अर्थ दाखवणारा कोश, जो इंग्रजी वाचकाला आता अंगवळणी पडला आहे, तो मराठी वाचकाच्या बोटाखाली का नाही, आणि तो यावा म्हणून काय करावं लागेल, हा माझा विषय. ई-पुस्तकाचे म्हणून जे फायदे सांगितले जातात, म्हणजे हजार पुस्तकं एका हातात मावतात, अक्षर मोठं करता येतं, अंधारात वाचता येतं, ते सगळे मला मान्य आहेत. पण ज्याला आधीपासून वाचता येत होतं त्याचीच ही सोय झाली. नवा माणूस वाचकांत यावा असं सामर्थ्य मला या बोटाखालच्या कोशातच दिसतं, म्हणून त्याच्यासाठी मी हे व्यासपीठ मागून घेतलं.

आधी हा कोश कसा चालतो ते पाहू. अॅमेझॉनचं किंडल २००७ च्या नोव्हेंबरमध्ये बाजारात आलं तेव्हाच त्याच्या पोटात ऑक्सफर्डचा अमेरिकन इंग्रजीचा कोश होता. स्पर्शपडदा आल्यावर वाचता वाचता शब्द अडला, त्यावर बोट दाबून धरलं, की एक लहान चौकट उघडते. उच्चार, शब्दाची जात, दोन-तीन अर्थ. चौकटीबाहेर बोट लावलं की ती मिटते आणि तुम्ही त्याच ओळीवर असता. पुढे याच यंत्रात पाहिलेल्या शब्दांची आपोआप यादी ठेवण्याची सोय आली. कोणता शब्द कोणत्या वाक्यात अडला होता, हेही ती यादी दाखवते. भाषा शिकणाऱ्याला याहून चांगली वही मिळणार नाही.

यात वेळ वाचतो, हे खरंच. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे की वाक्य मोडत नाही. जाड कोश काढून, वर्णक्रम आठवत, क्ष कुठे शोधायचा आणि अनुस्वार आधी की नंतर हे ठरवत आपण अर्थापर्यंत पोचतो, तेव्हा मूळ वाक्याचा पूर्वार्ध डोक्यातून गेलेला असतो. मोठे कोश तर ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात असतात. ते घरी नेता येत नाहीत. आपलं नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ चं, राज्यातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी एक. तिथं बसून कोश पाहायला वाचकाला दुपार मोकळी मिळायला हवी. पाथर्डीहून एसटीने येऊन तासांना बसणाऱ्या मुलीला ती मिळत नाही.

या मुलीचा विचार मनात ठेवूनच मी पुढचं सगळं बोलणार आहे. तिच्या घरात ती पहिली पदवीधर होणार आहे. तिला शब्द अडला तर आई-वडिलांना विचारता येत नाही, कारण त्यांना ते पुस्तकच परकं आहे. सरांना विचारायला संकोच वाटतो. मराठीच्या प्राध्यापकाच्या घरी वाढलेल्या मुलाला जेवणाच्या ताटावर जे शब्द फुकट मिळतात, ते तिला एकेक करून मिळवावे लागतात. बोटाखालचा कोश हा फरक थोडा तरी कमी करतो. तो कोणाला सांगत नाही की या मुलीने हाच शब्द आज तिसऱ्यांदा पाहिला.

नगरला हा पहिल्या पिढीचा वाचक नवा नाही. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने नगरमध्ये काम सुरू केलं. मिस सिंथिया फॅरार यांनी इथे मुलींना शिकवलं, आणि सावित्रीबाई फुले यांनी शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण त्यांच्याच हाताखाली इथे घेतलं. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये याच गावी निघालं. ज्यांच्या घरात कधी पाटी आली नव्हती अशा माणसांना वाचायला बसवायचं काम या गावाने फार लवकर हाती घेतलं होतं. आणि योगायोग असा की त्याच १८३१ साली कॅप्टन जेम्स मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा छापून निघाला. थॉमस आणि जॉर्ज हे कँडी बंधू त्यात त्यांच्या बरोबर होते, आणि शब्द गोळा करायला शास्त्रीमंडळी होती. १८५७ ला त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती आली. ती आजही मराठीच्या अभ्यासकाच्या हाताशी असते.

अडलं तर विचारायला जाणती माणसं जवळ असली की काय होतं, ते पाहायला आता मी तुम्हाला आपल्या भुईकोट किल्ल्यात नेतो. ९ ऑगस्ट १९४२ नंतर काँग्रेस कार्यकारिणीचे नेते तिथे स्थानबद्ध होते. पंडित नेहरूंनी १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ तिथे लिहिलं, ते आपण अभिमानाने सांगतो. त्या पुस्तकाची अर्पणपत्रिका किल्ल्यातल्या सहबंदिवानांना आहे, आणि प्रस्तावनेत त्यांनी चौघांचा विशेष उल्लेख केला आहे: मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव आणि असफ अली. फारसी-अरबीत काही अडलं तर मौलाना, बौद्ध दर्शनात काही अडलं तर नरेंद्र देव. इतके जाणते सोबती भिंतीपलीकडे बसलेले असणं हे भाग्य तुरुंगात का होईना, पण नेहरूंना मिळालं. आपल्यातल्या बहुतेकांना ते कुठेच मिळत नाही.

त्याच भिंतींत मौलानांनी पत्रं लिहिली. मित्राच्या नावे लिहिलेली, पण तुरुंगातून कधी न धाडलेली ती पत्रं ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने १९४६ मध्ये पुस्तकरूपाने आली. उर्दू गद्याचा हा मानदंड नगरमध्ये लिहिला गेला, आणि नगरमध्ये तो वाचलेला माणूस शोधावा लागतो. कारण उघड आहे. पानोपानी फारसी शेर आहेत आणि अरबी-फारसी शब्दांची दाटी आहे. उर्दूच्या जाणकारांनाही ते जड जातं, म्हणून मालिक राम यांनी साहित्य अकादमीसाठी त्याची सटीप आवृत्ती तयार केली.

उर्दूवाल्यांनी या अडचणीवर काय केलं पाहा. ‘रेख्ता’ हे संकेतस्थळ २०१३ मध्ये सुरू झालं. तिथे एखादी गझल उघडली की ती उर्दू, देवनागरी किंवा रोमन लिपीत वाचता येते आणि तिच्यातल्या कुठल्याही शब्दाला स्पर्श केला की अर्थ समोर येतो. उर्दू लिपीचं एक अक्षर न येणारी मुलं-मुली आज गालिब आणि फैज वाचतात. मुशायऱ्यांना गर्दी करतात, शेर पाठ म्हणतात. त्यांतल्या कितीतरी जणांनी पुढे लिपीही शिकून घेतली. उर्दूच्या बाबतीत जे पन्नास वर्षं भाषणं करून झालं नाही ते या एका सोयीने मोठ्या प्रमाणावर झालं, असं माझं मत आहे. मराठीत असं का होऊ नये?

शिवाय अर्थ मजकुराला चिकटून असावा ही कल्पना आपल्याला परकी नाही. आपल्या जिल्ह्यातल्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तीनशे वर्षांच्या आत तिचे पाठ इतके बदलले की एकनाथांना शके १५०६ मध्ये प्रत शुद्ध करावी लागली. मग शब्दही कळेनासे झाले. त्यावर वारकऱ्यांनी उपाय काढला तो ‘सार्थ’ ग्रंथांचा. सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी १९५३ ची. ओवी, आणि तिच्या खालीच तिचा अर्थ. पारायणाला बसलेला शेतकरी ओवी म्हणतो, अडला की नजर खाली टाकतो, पुन्हा ओवीवर येतो. बोट दाबून चौकट उघडण्याचं काम तिथे नजर करते. पण सार्थ ग्रंथात संपादकाने ठरवलेला अर्थ संबंध ओवीचा असतो. एकेका शब्दाची चौकशी वाचकाला स्वतः करता येत नाही. बोटाखालचा कोश ती करू देतो. जुन्या मराठीसाठी तसा कोश तयारही आहे. शं. गो. तुळपुळे आणि अॅन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्ञानेश्वरीची ओवी आणि तो कोश, दोन्ही संगणकावर आहेत. नेवाशाच्या मंदिरात बसून फोनवर ओवी वाचणाऱ्या माणसाच्या बोटाखाली मात्र ते एकत्र येत नाहीत.

आपलं दुखणं नेमकं हे आहे. कोशांच्या बाबतीत मराठी गरीब नाही. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या सहा-सात वर्षांत महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड काढले, १९५० मध्ये पुरवणी दिली. व्यवहारातले, शेतातले, कारागिरांच्या तोंडचे शब्द, म्हणी, वाक्प्रचार असं सगळं त्यात आहे. फलटणला राहून वंचित मुलांना वाचायला शिकवणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी शिकणाऱ्यांसाठी मराठी-इंग्रजी कोश केला. शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थ, दाते-कर्वे, बर्नसन, तुळपुळे-फेल्डहाउस हे सगळे कोश संकेतस्थळावर कोणालाही मोफत पाहता येतील असे ठेवले आहेत. इकडे ‘बृहद्कोश’ हे मराठी संकेतस्थळ अनेक कोश एकत्र शोधू देतं. भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आहेत. विश्वकोश आहे. इतकी पुंजी असताना ई-पुस्तकातल्या मराठी शब्दावर बोट ठेवलं तर काय होतं? मी वाचतो त्या साधनांवर एक तर ‘नोंद सापडली नाही’ असं येतं, नाही तर ते मला पुस्तकातून उचलून इंटरनेटच्या शोधपानावर नेऊन सोडतं. तिथे जाहिराती आहेत, व्हिडिओ आहेत, मित्राचा आलेला निरोप आहे. पुस्तकाकडे परत येईपर्यंत अर्धा तास गेलेला असतो. कधी तर परत येणंच होत नाही.

किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली ती २०१६ च्या डिसेंबरात, हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळमबरोबर. पुस्तकं आली. मराठी-मराठी कोश काही त्यांच्या सोबत आला नाही. याचा दोष कंपन्यांवर ढकलून मोकळं होणं सोपं आहे. पण यात एक खरी अडचण आहे, आणि ती आपल्या भाषेच्या घडणीतली आहे. ती नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, म्हणून तिथे थोडा थांबतो.

कोशात ‘पाऊस’ असतो. पुस्तकात बहुतेक वेळा ‘पावसात’, ‘पावसाने’, ‘पावसामुळे’ असं असतं. कोशात ‘ऊस’ असतो, पुस्तकात ‘उसाला’ असतं. ‘कापूस’ कोशात, ‘कापसाचा’ पानावर. प्रत्यय लागण्याआधी शब्द आपलं रूप बदलतो. आपण शाळेत त्याला सामान्यरूप म्हणायला शिकलो. त्यावर प्रत्यय चढतो, प्रत्ययावर शब्दयोगी अव्यय, त्यावर ‘च’ किंवा ‘ही’ किंवा ‘सुद्धा’. ‘घरातल्यांनासुद्धा’ हा एक शब्द घ्या. मक्याचं कणीस सोलावं तसा तो बाहेरून आत सोलत जावा लागतो तेव्हा ‘घर’ हाती लागतं. इंग्रजीत नामाची दोन-तीन रूपं झाली की संपतं. मराठीत एका नामाची रूपं शेकड्यांत जातात. यंत्र जर पानावरचा शब्द जसाच्या तसा कोशात शोधायला गेलं तर ते रिकाम्या हातानेच परत येणार.

पण याच गुंतागुंतीत एक फायदाही दडला आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘माळ’ हा शब्द छापील कोशात दोनदा येतो: एक पुल्लिंगी, ओसाड उंचवट्याची जमीन, आणि एक स्त्रीलिंगी, गळ्यातली. कोशात पाहणाऱ्याला दोन्ही वाचून ठरवावं लागतं. पुस्तकात मात्र ‘माळावर’ असेल तर तो नगरचा उघडा माळच, आणि ‘माळेत’ असेल तर ती मण्यांची माळच. ‘माळ्यावर’ असेल तर घराचा माळा असणार. ‘माळ्याने’ असेल तर बहुधा बागेतला माळी, पण तिथे यंत्राने दोन्ही शक्यता दाखवाव्यात. म्हणजे सामान्यरूपामुळेच पुष्कळ ठिकाणी नेमका अर्थ निवडता येतो. अडचण वाटणारं व्याकरण इथे वाचकाचा मदतनीस होतं. नीट केलेला मराठी कोश बोटाखाली आला तर तो इंग्रजीपेक्षाही नेमका चालू शकेल.

आणि यासाठी लागणारे नियम शोधून काढायचे राहिलेले नाहीत. मोरो केशव दामले यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं आहे. कोणत्या अंत्य स्वराच्या, कोणत्या लिंगाच्या नामाचं सामान्यरूप कसं होतं, याची बारीक छाननी त्यात झालेली आहे. मुंबईच्या आयआयटीत डॉ. पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने मराठीचं शब्दजाल, ‘शब्दबंध’, उभं केलं आणि शब्दरूपांची फोड करणाऱ्या प्रणाली तयार केल्या. दामल्यांचं काम आणि या गटाचं काम यांच्यात जवळजवळ शंभर वर्षांचं अंतर आहे, तरी दोघांनी सोडवलेला प्रश्न एकच आहे.

आणखी दोन अडथळे आहेत, ते झटकन सांगतो. पहिला लेखनाचा. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांत ‘करणें’, ‘नांव’ असं अनुस्वारांसह आहे. साहित्य महामंडळाच्या नियमांनंतर, म्हणजे १९६२ पासून, आपण ते अनुस्वार सोडले. यंत्राला या दोन लेखनपद्धती एकच आहेत हे शिकवावं लागेल. दुसरा अडथळा प्रकाशकांच्या कपाटातला आहे. श्रीलिपीसारख्या युनिकोडच्या आधीच्या फाँटांत जुळवलेली हजारो मराठी पुस्तकं आजही तशाच फाइलींत आहेत. ती दिसतात देवनागरी, पण संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हांची खिचडी असते. त्यांचं जसंच्या तसं पीडीएफ करून कोणी ई-पुस्तक म्हणून विकलं तर त्यातल्या शब्दावर बोट ठेवून काहीच साधत नाही. पानाचा फोटो काढून विकला तर मग बोलायलाच नको. वाचक पैसे मोजतो ई-पुस्तकाचे, आणि त्याला मिळतं काचेमागचं छापील पान.

आता कोणता कोश बोटाखाली ठेवायचा, हा प्रश्न. तो मला तांत्रिक अडचणीपेक्षा जास्त गंभीर वाटतो.

दया पवार आपल्या जिल्ह्याचे, अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये आलं आणि मराठी आत्मकथनाची दिशाच बदलली. आज महाविद्यालयातली मुलं ते वाचतात. बलुतेदारी त्यांनी पाहिलेली नाही, पुष्कळांच्या आई-वडिलांनीही पाहिलेली नाही. शीर्षकापासूनच शब्द अडतो. समजा मोल्सवर्थ बोटाखाली आहे. तो बलुत्याचा अर्थ सांगेल: गावकामगारांना गावच्या पिकातून मिळणारा वाटा. बारा बलुतेदारांची नावं देईल, त्यांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन कासाही, म्हणजे वर्गही, सांगेल. माहिती अचूक आहे आणि कामाची आहे. पण ती वाटा देणाऱ्या आणि हिशेब ठेवणाऱ्या बाजूने लिहिलेली आहे. वाटा मागायला दारात उभं राहणाऱ्याला काय सोसावं लागत होतं, ते कोशात नाही, पुस्तकात आहे. इथपर्यंत तक्रार नाही, कारण ते पुस्तकाचंच काम आहे. तक्रार पुढची आहे. एकोणिसाव्या शतकातल्या कोशांत अनेक जातींविषयी आणि स्त्रियांविषयी हेटाळणीचे अर्थ कसलीही खूण न करता दिलेले आहेत. अभ्यासकाला ते इतिहास म्हणून हवेत. पण दलित आत्मकथन वाचणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाने आपल्याच जातीच्या नावावर बोट ठेवलं आणि चौकटीत तो जुना अपमान त्याच्यासमोर अर्थ म्हणून उभा राहिला, तर ते आपल्याला चालेल का? मला चालणार नाही. जुने कोश यंत्रात ओतण्याआधी अशा नोंदी एकेक करून पाहाव्या लागतील. त्यांवर काळ आणि दृष्टिकोन सांगणारी टीप द्यावी लागेल. हे काम यंत्रावर सोडण्यासारखं नाही.

दुसऱ्या बाजूने, या कोशांत आपल्या जिल्ह्याचे कितीतरी शब्द नाहीतच. प्रवरानगरला १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत उसाभोवती एक वेगळी भाषा तयार झाली. जुन्या कोशात कोयता म्हणजे हत्यार. पाथर्डी-शेवगावच्या तोडणी टोळीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि मुकादम आगाऊ पैशांची उचल देतो ती कोयत्यामागे. उचल, वाढे, मोळी, खोपी, गाडीवान टोळी आणि टायरगाडी यांतला फरक, हे सगळं या पट्ट्यातल्या कथा-कादंबऱ्यांत येतं. पुण्या-मुंबईचा वाचक तिथे अडतो. आजवर शब्द न कळण्याची लाज एकाच बाजूला होती. खेड्यातल्या मुलाला शहरी मराठी कळली नाही तर तो कच्चा ठरायचा. शहरी वाचकाला ऊसतोडीची मराठी कळली नाही तर ते पुस्तक ‘बोलीमुळे अवघड’ ठरायचं. बोटाखालच्या कोशात दोघांच्या शब्दांना सारखी जागा देता येते. परदेशातली आपली मुलं बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत शिकतात, त्यांना तर दोन्हीकडचे शब्द सारखेच नवे असतात.

बोटाखालच्या कोशावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो घेणारी माणसं चांगली वाचक असतात, म्हणून त्याचं उत्तर द्यायला हवं. ते म्हणतात, संदर्भावरून अर्थ ताडत जाण्यातच वाचनाचं शिक्षण आहे. प्रत्येक शब्दाला बोट लावायची सवय लागली तर मुलाची अटकळ बांधायची शक्ती जाईल, आणि कवितेचा तर चुराडाच होईल. कवितेविषयी मी त्यांच्याशी सहमत आहे. कविता आधी एकदा तशीच वाचावी, शब्द नंतर पाहावेत. पण अटकळ बांधायला आजूबाजूचे बाकीचे शब्द तरी यावे लागतात. ज्याला दहातले नऊ शब्द येतात तो दहावा ताडतो. ज्याला सहाच येतात तो कशाच्या जोरावर ताडणार? हा आक्षेप घेणारे आपण सगळे नऊ शब्द येणारे आहोत. शिवाय ताडलेला अर्थ बरोबर निघाला की चुकला, हे कुठे तरी पडताळून पाहावं लागतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगतो की परिच्छेद पूर्ण करा, मनाशी अर्थ धरा, मग बोट ठेवा.

मग करायचं काय? मोठी योजना आणि मोठी समिती यांची वाट पाहू नये असं मला वाटतं. को-रीडर नावाचं वाचनाचं सॉफ्टवेअर मोफत आहे, त्याची संहिताही खुली आहे, आणि स्टारडिक्ट या मांडणीतला कुठलाही कोश त्यात बसवता येतो. किंडलच्या कोशफाइलीतही प्रत्येक नोंदीखाली तिच्या रूपांची यादी देण्याची सोय आहे. म्हणजे ‘पाऊस’ या नोंदीखाली ‘पावसात’, ‘पावसाने’ हे लिहून ठेवलं की बोट ‘पावसात’वर पडलं तरी ‘पाऊस’ उघडेल. या याद्या दामल्यांच्या नियमांवरून संगणकाकडून करून घेता येतात. माणसांनी त्या तपासाव्या लागतात. आपल्या जिल्ह्यात महाविद्यालयं पुष्कळ आहेत. मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यावेच लागतात. त्याच त्या लेखकांच्या जीवनपटाऐवजी एकेका विद्यार्थ्याने ठरावीक नोंदींची रूपं तपासावीत. अकोले तालुक्यातल्या मुलांनी तिथल्या डांगाण भागातले शब्द नोंदवावेत, शेवगाव-पाथर्डीच्या मुलांनी तोडणीचे. वापराचं एक वाक्य आणि शब्द कोणत्या गावात ऐकला ते गाव, एवढं प्रत्येक शब्दासोबत असावं. प्रकाशकांना माझी विनंती वेगळी आहे. जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणा, आणि ज्या पुस्तकांचे हक्क तुमच्याकडे आहेत ती चित्र म्हणून विकू नका. ग्रंथालयांनी ई-पुस्तकांची खरेदी करताना शब्दावर बोट ठेवून पाहावं. अक्षर निवडता येत नसेल तर ते पुस्तक घेऊ नये.

सुरुवात नामांपासून करावी. वाचताना अडणारे शब्द पुष्कळदा नामं असतात, आणि त्यांच्या रूपांचे नियम पक्के आहेत. विशेषणं त्यांच्या मागोमाग येतील, ती सोपी आहेत. क्रियापदांना दुसऱ्या वर्षी हात घालावा. ‘बसला’, ‘उठला’ अशी नियमित रूपं संगणक सहज सोडवील. ‘गेला’वरून ‘जाणे’पर्यंत आणि ‘आला’वरून ‘येणे’पर्यंत पोचायला मात्र नियम उपयोगी पडत नाही, तिथे यादीच करावी लागते, आणि ती यादी एका विद्यार्थ्याला एका सुट्टीत पुरी करता येईल एवढीच आहे.